घंटीची पाणपाळी

फोनची घंटी वाजत होती आणि केसरबाई त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून नुसती उभी होती. हाताला कुरडयांचा चीक, कपाळावर घाम, आणि तोंडात जे येईल ते. पण रिसीव्हरला हात लावायची सोय नव्हती. ऊन कललं होतं, आणि ऊन कलल्यावरची घंटी नांद्रखेडीची.

"वाज मुडद्या, वाज!" ती फोनलाच म्हणाली. "मना घरमा ऱ्हास नि त्या नरमदीनी चाकरी करस!"

ओसरीवर तिचा नवरा आधार झोक्याचा दोर वळत बसला होता. वर न बघता तो म्हणाला, "उचल ना मंग."

"उचल म्हने! हाऊ नेम कोनी करा? तुम्हीच चार शहाना नदीमा बठनात ना!"

आधारनं दोराला आणखी एक पीळ दिला. बायकोच्या बोलण्यात चूक काढण्याइतका तो अडाणी नव्हता.

आता गोष्ट अशी की नदीच्या अलीकडं साकरवाडे, पलीकडं नांद्रखेडी. साकरवाडे जळगाव जिल्ह्यात, नांद्रखेडी धुळ्यात. एका गावचा कोंबडा आरवला की दुसऱ्या गावची म्हातारी जागी होते, पण सरकारदरबारी दोन गावांत दोन मुलखांचं अंतर. त्यामुळं बिनतारी फोन आला तोही दोन्हीकडं निरनिराळा. साकरवाड्याचा उगवतीच्या एक्स्चेंजवरून, नांद्रखेडीचा मावळतीच्या. ग्रामपंचायतीचं छप्पर गळकं, म्हणून फोन ठेवला आधारच्या घरात आणि माशाच्या काट्यासारखी अँटेना उभी केली त्याच्या धाब्यावर. वर्षभर फोन गुण्यागोविंदानं वाजला.

मग चौऱ्याण्णव साली कुणा मोठ्या साहेबाच्या मनात आलं की दोन एक्स्चेंज कशाला, एकच करू. हार-नारळ झाले. साहेबानं भाषण केलं, "या एकत्रीकरणानं ग्राहकाला दुप्पट सेवा मिळेल." साहेब शब्दाचा पक्का निघाला. आधी महिनाभर फोन मुका झाला, आणि बोलू लागला तेव्हा दुप्पट बोलू लागला. दोन्ही गावं एकाच लाइनीवर. घंटी वाजली की दोन्हीकडं वाजे, आणि एकानं बोलावं तर दुसऱ्यानं ऐकावं.

लाइनमन झुलाल सायकलवर आला, धाब्यावर चढला, अँटेनेला फडकं मारून खाली उतरला.

"अक्का, हाऊ बिघाड नही," तो चहा पीत म्हणाला. "हाई एकत्रीकरण शे."

"मंग बिघाड कशाले म्हनतस रे भाऊ?"

"बिघाड दुरुस्त व्हस. एकत्रीकरण चालू ऱ्हास."

तक्रार केली तर उगवतीचं ऑफिस म्हणे, आमचं दप्तर तिकडं गेलं. मावळतीचं म्हणे, अजून पोचलं नाही. तेव्हा दोन्ही गावच्या शहाण्यांनी कोरड्या नदीपात्रात बैठक मारली. त्यांना वाटपाची एकच रीत ठाऊक, बंधाऱ्याच्या फडातल्या पाण्याची. पाटाचं पाणी पाळीनं मिळतं. पाळी नसली तर पाणी आपल्या बांधावरून खळखळत जाईना का, बांध फोडायचा नाही. फोडणाऱ्याला गाव नावं ठेवतं. तसंच फोनचं ठरलं. सकाळची घंटी साकरवाड्याची, दुपारनंतरची नांद्रखेडीची. फोन करणाराला पाणपाळी कशी कळावी, हे मात्र कुणी विचारलं नाही.

त्या पलीकडच्या फोनची मालकीण नर्मदाबाई. ती साधी बाई नव्हे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी गौराई डोहात शिरवायला दोन्ही गावच्या बायका नदीवर जमतात आणि दोन काठांवरून एकमेकींना गाळी, म्हणजे शिव्या, देतात. त्याला बार म्हणतात. वर्षभर साठवलेलं त्या दिवशी सांडायचं, आणि मग मोकळ्या मनानं घरी जायचं. बारात नांद्रखेडीची नर्मदाबाई आणि साकरवाड्याची केसरबाई म्हणजे दोन तोफा. वीस वर्षांत एकीलाही दुसरीनं गप्प केलेलं नव्हतं.

पण यंदा केसरबाईचं चित्त बारात नव्हतं. तिची बेबा गेल्या लगीनसराईत सूरतला, उधन्याला दिलेली. लग्नानंतरची पहिली आखाजी. पहिल्या आखाजीला लेक माहेरी आली नाही तर गाव तोंड भरून विचारतं, आणि आईच्या घशाखाली मांडा उतरत नाही. बेबाच्या सासूनं, याहीण भिकुबाईनं, निरोप धाडला होता, "पोरीला पाठवायचं का नाही ते फोनवर सांगेन, मग न्यायला मुराळी धाडा." त्यांच्या घरी फोन नाही, त्या नाक्यावरच्या बूथवरून करणार. म्हणजे इकडून लावायचीही सोय नाही. आखाजी चार दिवसांवर आलेली, निंबाला झोका टांगायचा राहिलेला, आणि फोन वाजतो तो नेमका दुपारी.

घंटी थांबली. म्हणजे पलीकडं उचलला. केसरबाईला राहवेना. तिनं चिकाचा हात लुगड्याला पुसला आणि रिसीव्हर अलगद उचलून कानाला लावला.

"हालो! मी उधनाथीन भिकुबाई बोलस. केसरबाई शे का?"

"आठे कोनी केसरबाई नही." हा आवाज नर्मदाबाईचा.

"मंग तिले निरोप द्या व बहीन. पोरना आखाजीना सांगनं शे."

"निरोप?" नर्मदाबाई सावकाश म्हणाली. "मांगला हप्तामा मना भाऊना सकायले फोन उना. तवय ती केसरनी त्याले काय सांगं? म्हने, पाळी आमनी शे, नदीपल्याडना गावले मी वळखत नही. भाऊ उना नि कुलूप दखीसन परत गया. मी बी आते नही वळखत."

हे खरं होतं, हीच तर पंचाईत होती. केसरबाईला क्षणभर लाज वाटली. पण बेबाचा विचार आला आणि बांध फुटला.

"नरमदे! मना याहीनले खोटं सांगस? तुना तोंडमा राख पडो!"

"केसर! आमनी पाळीमा बांध फोडा तू?"

"बांध काय, तुनं डोकं बी फोडसू! नांद्रखेडीनी नार, भाजीमा मीठ नही नि तोंडमा अंगार!"

"आनि साकरवाडानी सून, मांडा करस दगड, पाहुना पयतस दखून!"

"तुना नवरा पत्तामा बैल हारना!"

"तुना तर बठ्ठा गावमा बोलानं हारना! वीस साल व्हयनात, त्याना आवाज कोनी ऐका का?"

आधारनं दोर वळायचा थांबवून एकदा फोनकडं पाहिलं आणि पुन्हा वळायला घेतला.

दोघी अशा पेटल्या की तिसरी लाइनवर आहे हे विसरल्या. दम घ्यायला थांबल्या तेव्हा केसरबाईच्या ध्यानात आलं. याहीणीनं सगळं ऐकलं! मुलीची आई ही अशी शिवराळ, तिच्या घरी सून कोण पाठवील? बेबा गेली आपल्या जिभेपायी. आखाजी गेली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

पलीकडून फुसफुस ऐकू येत होती. भिकुबाई हसत होती का रडत होती, कळेना. दोन्ही करत होती.

"थांबू नका व मायबहिनीहो," ती नाक ओढत म्हणाली. "बारा साल व्हयनात मी बार ऐका नही. आठे बिल्डिंगमा कोनी कोनले गाळ बी देत नही. दार लाई लेतस. बूथवाला डोया वटारी राह्यना, पन वटारू द्या. ओ बेबा, आठे ये, तुनी माय हारी राह्यनी!"

खडखड झाली आणि लेकीचा आवाज आला. "माय?"

केसरबाईच्या तोंडून शब्द फुटेना. नर्मदाबाईनं ती फट बरोबर हेरली. "काय वं केसर, जीभ चुल्हामा पडनी का?"

"मावशी," बेबा सूरतहून म्हणाली, आवाज मधासारखा, "तुमना गावमा पाहुना इतला कमी येतस, का कुत्रा भुकानं भुली गयात!"

नांद्रखेडी गप्प. वीस वर्षांत पहिल्यांदा. मग तिकडून खो-खो हसू आलं.

"वं याहीनबाई," नर्मदाबाई म्हणाली, "धाडी दे ती पोरले. हाई गाळ मी फोनवर नही फेडाव. नदीवर दखस तिले."

"धाडस ना," भिकुबाई म्हणाली. "मी बी येस संगे."

त्या आखाजीला भिकुबाई गुडघेदुखी विसरून आली, आणि नदीच्या काठावर उभी राहून तिनं दोन्ही गावांना मिळून अशा गाळी दिल्या की बायकांनी तिला मधल्या वाळूत बसवून रस पाजला. बेबानं निंबावरचा झोका चार दिवस सोडला नाही. नर्मदाबाईनं तिला जाताना खण दिला आणि शेवटची एक गाळही दिली.

आखाजी झाली आणि सरकारला जाग आली. दप्तर पोचलं. झुलाल आला, धाब्यावर चढला, अँटेना फिरवली आणि म्हणाला, "अक्का, आते तुमनी लाइन तुमनी. पाळी नही, भानगड नही."

दुसऱ्या दिवशी बेबाचा फोन आला. आवाज खणखणीत, मधे कुणी नाही. बेबानं सगळ्यांची खुशाली विचारली, केसरबाईनं सांगितली. तेवढ्यात बोलणं आटोपलं.

"माय, मावशी नही का लाइनवर?"

"नही वं."

मागून भिकुबाईचा हिरमुसला आवाज आला, "मंग ठेवी दे."

केसरबाईनं रिसीव्हर कानालाच ठेवला. "नरमदे," तिनं हळूच म्हणून पाहिलं. नुसती घरघर. दुपारी झुलालची सायकल रस्त्यानं जाताना दिसली, तशी ती ओसरीवरून ओरडली, "ओ भाऊ! ये आठे. फोन बिघडी गया!"

झुलालनं सायकल थांबवली आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"तिकडूनच ई राह्यनू, अक्का," तो म्हणाला. "नर्मदाबाईनी बी हाईच तक्रार शे."