सोळा जोड्यांची रुजुवात

"दाबा की एकदाचं ‘हो’. काय बघत बसून राहिल्या?" अव्वल कारकून व्यंकटराव पंचशीलाच्या खुर्चीमागून म्हणाले.

पंचशीलानं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. लोह्याच्या तहसिलीत ती चार वर्षं कंत्राटी ऑपरेटर होती. उद्याच्या टँकरची एकतीस गावांची यादी बाराच्या आत नांदेडच्या संगणकावर पोचवायची. उशीर झाला की उद्या टँकर नाही. आणि आज पडद्यावर सूचना आली होती, की पलीकडच्या संगणकाचा ठसा, म्हणजे त्याच्या ओळखीची अक्षरं, बदलला आहे, तिथं भलताच कुणी असू शकतो; तरी पुढं जायचं का?

तिचा जीव टांगणीला लागला. मागच्या महिन्यात पेन ड्राइव्हवरून गेलेल्या यादीतून एक वाडी वाटेतच गळाली. कुणी गाळली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिथल्या बाया चार दिवस रिकाम्या घागरी घेऊन कचेरीसमोर बसल्या होत्या. तेव्हापासून यादी या कुलूपबंद वाटेनं जात होती. पण ती भलत्याच्याच हाती पडली तर कुलपाचा काय उपयोग?

व्यंकटराव वैतागले. मशीनच्या नखऱ्यापायी लोकांना तहानलेलं ठेवता का, म्हणाले. त्यांना संगणकातलं ओ की ठो कळत नसलं, तरी घड्याळ कळत होतं, आणि पावणेबारा झाले होते.

"साहेब, नक्कल देताना तुम्ही मुळाशी रुजुवात घेता का न्हाई? तसंच हाय हे. ठसा ताडून बघितल्याबिगर मी पाठवणार न्हाई."

सातबाराच्या नकला मुळाशी ताडून बघण्यात व्यंकटरावांची उभी नोकरी गेली होती. त्यांनी पडद्यावरचा ठसा कागदावर उतरवून घेतला आणि स्वतःच नांदेडला फोन लावला. तिसऱ्या खेपेला तिथल्या ऑपरेटरनं, गुरुबसप्पानं उचलला. मशीन कालच बदललं, कळवायचं राहिलं, म्हणाला. तरी पंचशीलानं त्याला त्याच्या मशीनवरचा ठसा वाचायला लावला.

तो दोन-दोन अक्षरांची एकेक जोडी वाचत गेला, पंचशीला ती मोठ्यानं म्हणत गेली, व्यंकटराव लाल पेनानं खूण करत गेले. सोळाच्या सोळा जुळल्या. तिनं ‘हो’ दाबलं. एकतीस गावं मिळाली, असं गुरुबसप्पानं सांगितलं, तेव्हा बाराला तीन मिनिटं कमी होती. तिला इतकं हलकं वाटलं, की डोळेच भरून आले.

व्यंकटरावांनी कागदाखाली ‘रुजुवात घेतली’ लिहून सही ठोकली. मग कागद तिच्यापुढे सरकवला.

"तुमचीबी करा."

"मी तर कंत्राटी, साहेब."

"वाचणाऱ्याची सही लागती."

हजेरीपटाखेरीज या कचेरीत तिनं आजवर कुठंच सही केली नव्हती. तिनं पेन घेतला आणि सावकाश, बापाच्या नावासकट, पूर्ण नाव लिहिलं.