मनूच्या चुलीखालचा खडक

सन २०२२, माघ महिना. मनूच्या स्वयंपाकघरात पारमिता गुडघ्यावर बसून हातोडीने जमीन वाजवून बघत होती. जमीन म्हणजे नुसता खडक. सारवण नाही, फरशी नाही. तीन पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेला काळा खडक.

"आजी, ऐका." तिने चुलीशेजारी ठोका दिला. खणकन आवाज आला. "देवळामागचा दगड असा वाजत नाही. वरून कडक आहे, खाली मुरूम. मला आतपर्यंत असाच पाहिजे."

"मग घे की बाय," मनू म्हणाली. शेजारीण विरजण मागायला आल्यासारखी.

आदल्या वर्षी दूधगंगेचं पाणी गावात शिरलं होतं. त्यामुळे काही वस्ती हलवायची, पुरात सगळ्यांना थांबता येईल असा एक निवारा बांधायचा, असं वरून ठरलं. कोयनेकडे धरणी हलली की आमच्याकडे भांडी वाजतात, म्हणून नव्या जागांची तीही तपासणी करायची होती. त्यासाठी ही बेळगावची पोरगी आलेली. माझा पुतण्या युवराज पंचायतीचा मेंबर. त्याने तिची उतरायची सोय माझ्याकडे केली होती. मीही तिच्याबरोबर हिंडत होते.

तिने मला समजावलं होतं. अस्सल खडक किती हलतो ते आधी मोजायचं. मग त्याच हादऱ्याने काळी माती किती हलते, ते त्याच्याशी ताडायचं. खडकाचं माप चुकलं तर गावाचं सगळं चुकलं.

मला ते नवीन नव्हतं. सदुसष्ट साली मी या गावात नवी सून होते. पहाटे भूकंप झाला तेव्हा आमच्या माडीची भिंत वरपासून खालपर्यंत उलली. मनूच्या घरात उतरंडीचं एक मडकंसुद्धा सरकलं नाही. ज्या माळावर नांगर चालत नव्हता तो गावाने तिच्या सासऱ्याच्या वडिलांना दिला होता, तोंडी. त्या माळावरची बाकीची घरं पुढे शिकून निपाणीला, बेळगावला गेली. मूलबाळ नसलेली, नवरा गेलेली मनू एकटी मागे राहिली.

"आता गावाचं माप मनीच्या चुलीवरनं," दारात उभा राहून युवराज म्हणाला. "आमी समदे हलणार, ही तेवढी पक्की."

मनूही हसली. मग पारमिताच्या जवळ सरकून हळूच म्हणाली, "बाय, ह्या घराला नंबर न्हाय. पंचायतीत किती येळा गेलतो. घर हाय म्हणून कुणी लिवतच न्हाई. तुज्या कागदात तरी लिवशील न्हवं?"

"नकाशात तुमचीच जागा पहिली असणार, आजी. जय भीम."

"जय भीम," मनू म्हणाली आणि चुलीतली राख भरायला लागली.

हादरे टिपणारं यंत्र चुलीच्या जागी बसलं. डब्याएवढं. भोवती पाऊल वाजता कामा नये, कांडण नको, जाळ नको. आठवडाभर तरी. पारमिताने भीतभीतच विचारलं होतं. मनूने तिच्या मागण्यापेक्षा जास्त केलं. शेळ्या माझ्या गोठ्यात आणून बांधल्या. वाऱ्याने भिंतीवर वाजायला नको म्हणून बाबासाहेबांचा फोटो उतरवून ट्रंकेत ठेवला. स्वतः लांब बांधाच्या आडोशाला पोतं टाकून राहिली. भाकरी द्यायला गेले तर लांबूनच तोंडावर बोट.

"अगं, इतक्या लांब काय ऐकू जातंय त्याला?"

"हळू, आक्का. पोरीचं काम हाय. माज्या घराचंबी हाय."

पाय न वाजवता चालायचं तिने त्या दिवसांत अंगी बाणवून घेतलं. पारमिता यंत्र न्यायला आली तेव्हा आनंदाने तिचे डोळे भरले होते. इतका शांत खडक आपल्या साहेबांनीही पाहिला नसेल, म्हणाली. मनूने चूल परत मांडली आणि तिला गूळ-शेंगदाणे दिले.

उन्हाळ्यात ग्रामसभेत अहवाल वाचला गेला. काळी माती खडकाच्या कितीतरी पट हलते. खडकाची जागा सगळ्यांत पक्की. युवराजने पुढचं वाक्य मोठ्याने वाचलं, "जागेवर मानवी वावर नाही." म्हणून निवारा तिथेच.

बायकांच्या मागून मनू उठली. "वावर न्हाई म्हंजे? मी हाय की तितं."

"मग मशिनीत कशी न्हाईस?" युवराज म्हणाला. "आख्खा आठवडा ते तुज्या चुलीवर बसलतं. तू असतीस तर उमटली असतीस की, मावशे."

सभा हसली. मनू उभीच होती. मग पदर सावरून खाली बसली.

मी पारमिताला फोन लावला. मनूला कसं वगळलं ते विचारलं.

"आजी, तसं लिहावंच लागतं," ती म्हणाली. "वावर असला तर ती जागा मोजमापाला धरत नाहीत. आणि त्या दिवसांत खरंच नव्हता हो."

तिने दुसरं पत्र पाठवलं, तिथे घर आहे म्हणून. ते पोचलं तेव्हा कौलं उतरवून झाली होती.

मनूला नदीकडच्या काळ्या रानात एक खोली मिळाली. तिला मात्र नंबर मिळाला, दारावर पत्र्याची पाटी. उन्हाळ्यात जमीन उलायची आणि दार अडकायचं. मनू चुलीतली राख भेगांत भरत बसायची.

युवराज पुढे पंचायतीचा अध्यक्ष झाला. निवाऱ्याच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरात त्याचं नाव आहे. पारमिता पुढचं शिकायला परदेशी गेली. जाण्याआधी मनूकडे साडी घेऊन आली होती. मनूने साडी घेतली, चहा केला. दोघी काय बोलल्या मला ठाऊक नाही. माझी सदुसष्टची भिंत अजून तशीच उललेली आहे, आणि मी तिच्याखालीच झोपते. मनू गेल्या मार्गशीर्षात गेली. ती साडी घडी न मोडता ट्रंकेत होती, फोटोवर घातलेली.

पण मला ती आठवते त्याआधीच्या श्रावणातली. नदी चढली आणि सगळं गाव निवाऱ्यात आलं. मनूला दाराशी जागा मिळाली. मी विचारलं, "तुजी चूल कुठं होती गं?"

तिने हनुवटीने दाखवलं. लोकांनी चपला काढल्या होत्या तिथे.

थोड्या वेळाने तिने एकेक चप्पल उचलून बाजूला ठेवली, रिकाम्या झालेल्या फरशीवर तळहात टेकला आणि तशीच बसून राहिली. सकाळी पाणी ओसरल्यावर ज्याला त्याला आपली चप्पल सापडेना. "ह्या म्हातारीला कुणी सांगितलं हात लावायला?" म्हणून चार जण तिला बोलले.

ती उठली, आणि पाय न वाजवता बाहेर गेली.