खाली

जपानहून परत आल्यापासून समाधान माणसांशी बोलेनासा झाला होता. तो फक्त जपानविषयी बोलायचा, आणि समोर जो कोणी असेल त्याने ऐकायचं.

सौदीत, अल-खोबरच्या बाहेर कंपनीचा कँप होता. तिथल्या मेसमध्ये तो दुपारचं ताट घेऊन बसला, की ओसाकाचा विमानतळ सुरू व्हायचा. भर समुद्रात भराव घालून बेट केलंय आणि त्याच्यावर विमानं उतरतात. संडास असे, की तिथं बसून जेवावं. कुणी ओरडत नाही, कुणी धावत नाही. पावसात भिजलेली बॅग आली तर पट्ट्यावर ठेवण्याआधी माणूस ती फडक्याने पुसतो. आणि विमान निघालं की जमिनीवरची माणसं ओळीने उभी राहून त्याला वाकून नमस्कार करतात, हात हलवतात.

"विमानाला?" वहाबने विचारलं. वहाब हर्णैचा, एसीच्या कामावर होता, आणि त्याला कुठल्याही गोष्टीचं कौतुक वाटायचं.

"आतल्या लोकांना रे."

"ते काय बघतायत?" बाळाराम ताटातून मान वर न करता म्हणाला. "खिडकीचं झाकण ओढून घोरत असतात सगळे."

"दादा, तुम्ही बघायला हवं होतं."

बाळारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बघायला हवं होतंच. इथल्या विमानतळावरच्या सामानाच्या पट्ट्यांची देखभाल त्यांच्या कंपनीकडे होती, आणि त्या पट्ट्यांवर सगळ्यांत जुना फिटर होता गुहागरचा बाळाराम. प्रशिक्षणाला एक माणूस जपानला जाणार म्हटल्यावर सगळ्या कँपाने त्याचंच नाव धरलं होतं. पण मॅनेजर नूरुद्दीनसाहेबांनी पाठवलं समाधानला. ज्या पोराने पाना कसा धरायचा हे बाळारामकडून शिकून घेतलं, त्याला. कारण काय, तर त्याला इंग्रजी येतं. येतं म्हणजे 'येस सर' येतं आणि 'नो प्रॉब्लेम सर' येतं, मधलं सगळं तो हसून भरून काढतो.

आणि प्रश्न नुसत्या जपानचा असता तर बाळारामने तो गिळलाही असता. सुपरवायझरची जागा मोकळी झाली होती. कंपनी बायकोचा व्हिसा देते तो फक्त सुपरवायझरला. बाकीच्यांनी कँपातल्या लोखंडी खाटेवर झोपायचं आणि फोनवर संसार करायचा. तिकडे गुहागरला अनिताने पासपोर्ट काढून ठेवला होता. लग्नानंतर आपण एकत्र राहिलो किती, हा हिशोब दोघांनीही मुद्दाम सोडून दिला होता. अलीकडे ती फोनवर भलतेच प्रश्न विचारायची. तिकडे खिडकीत तुळस जगेल का? शेजारी आपल्याकडच्या बायका असतील का? बाळाराम प्रत्येक प्रश्नाला हो म्हणायचा. माहीत असो वा नसो, हो म्हणताना त्याला बरं वाटायचं.

समाधाननेही त्या जागेवर डोळा ठेवला होता. त्याचं लग्न गेल्याच वर्षी झालेलं.

जपानहून त्याने दोन गोष्टी आणल्या होत्या. एक लाल कुलूप. पट्ट्याखाली शिरणाऱ्या माणसाने आधी स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात घालूनच आत जायचं. मग बाहेरून कुणी पट्टा चालू करतो म्हटलं तरी करता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बोट. तिथले कामगार जे करतात त्याकडे बोट रोखून ते मोठ्याने बोलतात, म्हणे. स्विच बंद! दार बंद! माणूस बाहेर! स्वतःच्या कानाने ऐकलं की चूक होत नाही. मेसमध्ये समाधानने मिठाच्या बरणीकडे बोट रोखून "मीठ आहे!" अशी आरोळी ठोकली तेव्हा सगळा कँप हसला. बाळाराम नाही हसला. त्याला ते सोंग मनापासून डोक्यात जायचं. खरी गोष्ट अशी, की कुलपाची कल्पना त्याला पटली होती. ती समाधानच्या तोंडून आली, हेच त्याला पटत नव्हतं.

नूरुद्दीनसाहेब मात्र खूश. हैदराबादचा हा माणूस नव्या गोष्टींवर भाळायचा. त्यांनी भिंतीवर नियम लावला: कुलूप न लावता जो पट्ट्याखाली जाईल, त्याला पुढच्या विमानाने घरी धाडण्यात येईल. मग बड्या पाहुण्यांना ही जपानी पद्धत दाखवायचा दिवस ठरला. समाधान सगळं सांभाळणार होता. जागा कुणाला मिळणार, ते त्या दिवशी ठरणार होतं.

"और मैं, साहब?" बाळारामने विचारलं.

साहेबांनी समाधानकडे पाहिलं. समाधान म्हणाला, "दादा, तुम्ही बाहेरच्या गोल पट्ट्यापाशी उभे राहा. बॅग आली की मूठ बाहेरच्या बाजूला वळवायची. जपानमध्ये प्रत्येक बॅगेची मूठ माणसाकडे असते. त्याने नुसता हात पुढे करायचा."

म्हणजे पट्टे ज्याने जोडले, तो आता लोकांच्या बॅगा वळवत बसणार. बाळारामने हातातला पाना पेटीत टाकला. हातात राहिला असता, तर ते बरं झालं नसतं.

त्या दिवशी सकाळी अंगात इस्त्रीचा शर्ट घालून तो गोल पट्ट्याशी उभा राहिला. पाहुणे आले, साहेब त्यांच्या पुढे-मागे करत होते. समाधानने सगळ्यांना लाल कुलूप दाखवलं, ते कमरेला अडकवलं आणि मागच्या दाराने पट्ट्यांच्या खोलीत गेला. विमान उतरलं होतं. प्रवासी येऊन उभे राहिले.

पट्टा काही सुरू होईना.

बाळारामच्या खांद्यावरच्या रेडिओत समाधानचा आवाज आला, दबका आणि घाईचा. चढत्या पट्ट्याच्या रुळात एका बॅगेचा बंद अडकला होता. तो काढतो म्हणाला. इकडे साहेब घड्याळ बघत होते, पाहुणे साहेबांकडे बघत होते. कंट्रोल रूममध्ये झयान बसला होता. तो बिहारचा, कामाला चोख. त्याने विचारलं, "समाधान भाई, साहब जल्दी कर रहे हैं. बेल्ट चलाऊँ क्या?"

समाधानने अगदी जपानी शिस्तीत, एकेक शब्द मोठ्याने म्हटला, "समाधान खाली है! समाधान खाली है!"

"खाली हैं? ठीक है. चालू करता हूँ."

बाळाराम जागच्या जागी गार पडला. झयानला ऐकू आलं होतं, की समाधान मोकळा आहे, त्याचं काम झालंय. पण समाधान काय बोलला, हे त्या अख्ख्या इमारतीत फक्त एका माणसाला कळलं होतं. घाबरला किंवा घाईत असला की समाधानच्या हिंदीत मराठी घुसायची. तो खाली होता. पट्ट्याच्या खाली. आणि कुलूप? कुलूप लावलेलं असतं, तर झयानला पट्टा चालू करतो म्हणायची सोयच नव्हती. त्याच्या पुढ्यातला दिवाच लागला नसता.

पट्टा सुरू होण्याआधी वाजतो तो भोंगा वाजला.

खरं सांगायचं तर बाळारामचा हात लगेच हलला नाही. त्याला एका क्षणात सगळं दिसलं. मोकळी जागा, अनिता, खिडकीतली तुळस. त्याला काही करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं, आणि उभं राहायलाच तर त्याला सांगितलं होतं. मग स्वतःचीच किळस येऊन त्याने खांबावरच्या आणीबाणीच्या लाल बटणावर मूठ हाणली.

सुरू झालेला पट्टा आचका देऊन थांबला. त्याच्याबरोबर त्या बाजूचे सगळे पट्टे थांबले. ते लाल बटण दाबलं की एकेक पट्टा तपासल्याशिवाय पुन्हा काही चालू होत नाही. प्रवाशांनी कालवा केला. एका बाईची बॅग रबरी झालरीत अर्धी आत, अर्धी बाहेर अडकली, तिची मूठ नेमकी बाहेरच्या बाजूला. पाहुणे थोडा वेळ थांबले, एकमेकांशी काही बोलले आणि निघून गेले.

बाळाराम मागच्या दाराकडे धावला. समाधान पट्ट्याखालून रांगत बाहेर येत होता. उजवी बाही कोपरापर्यंत फाटून रुळात गेलेली, हात काळाभोर, पण हात शाबूत होता. कुलूप कमरेलाच लटकत होतं. त्याने बाळारामकडे पाहिलं. ओठ हलले, त्यातून "दादा" एवढंच आलं.

"कुलूप का नाय लावलंस?"

"वेळ कुठं होता? साहेब... आता काढतो म्हटलं..."

बाळारामने त्याला उठवून बसवलं. खुंटीवरचं जाकीट त्याच्या अंगावर टाकलं, कारण पोरगं थडथड कापत होतं. ते जाकीट टाकायला नको होतं, असं त्याला पुढे अनेकदा वाटलं.

संध्याकाळच्या आत साहेबांनी तिघांना केबिनमध्ये बोलावलं. साहेबांचा चेहरा असा होता, जणू त्यांच्या घरचं लग्न मोडलंय.

"बटन किसने दबाया?"

"मैंने, साहब," बाळाराम म्हणाला. "समाधान पट्टे के नीचे था. वो खाली बोला. हमारी मराठी में खाली माने नीचे."

"अब तुम मुझे मराठी सिखाओगे?" साहेब झयानकडे वळले. झयानने आपण जे ऐकलं ते सांगितलं, शब्द न् शब्द. मग साहेबांनी समाधानला विचारलं, "जब भोंपू बजा, तब तुम काम में थे या खाली थे?"

समाधानच्या अंगात अजून ते जाकीट होतं, गळ्यापर्यंत चेन लावलेलं; फाटकी बाही त्याच्याखाली झाकलेली. भिंतीवर त्याचाच नियम होता, त्याने स्वतः शिकवलेला. त्याची नजर त्या नियमावर गेली, तिथून जमिनीवर. बाळाराम त्याच्याकडे टक लावून बघत होता. बोल, तो मनात म्हणत होता. बोल की, मेल्या.

"मैं खाली था, साहब," समाधान म्हणाला.

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "सुना, बाळाराम?"

बाळारामने ऐकलं. काय चलाख पोरगं! एका वाक्यात त्याने बाळारामला खरं सांगितलं होतं आणि साहेबांना खोटं. उद्या कुणी जाब विचारला तर म्हणेल, मी खरंच तर बोललो. असा संताप बाळारामला जन्मात कधी आला नव्हता. पट्टा चालू राहिला असता तर बरं झालं असतं, हेही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि या वेळी त्याला किळस आली नाही.

"तुम जलते हो उससे," साहेब म्हणाले. "जपान नहीं भेजा, तब से. मेहमानों के सामने नाक कटवा दी मेरी. खलास."

जागा समाधानला मिळाली.

कँपाच्या कुंपणाशी उभं राहून बाळारामने अनिताला फोन लावला. नाही झालं, एवढंच म्हणाला.  ती म्हणाली, "तुळशीचं रोप मी दुसऱ्या कुंडीत लावून ठेवलं होतं. असू दे. इथंच राहील." बाळारामने हो म्हटलं. या वेळी हो म्हणताना त्याला बरं वाटलं नाही.

समाधानने त्याला टाळायला सुरुवात केली. मेसमध्ये तो आता दुसऱ्या टेबलावर बसायचा. जपानही बंद झालं. वहाब बिचारा विचारायचा, "अरे, त्या बेटाचं सांग ना," तर हा ताट उचलून निघून जायचा. बाळारामला वाटलं होतं, एकदा तरी एकट्यात येईल, दोन शब्द बोलेल. तो आला नाही.

सुपरवायझर म्हणून समाधानची पहिली सभा पट्ट्यांच्या खोलीत भरली. सगळी टोळी उभी होती. साहेब चहाचा कागदी कप घेऊन बाजूला थांबले होते, आपल्या निवडीवर खूश. समाधानने हिंदीत कामं वाटली. मग कागद घडी करता करता, कुणाकडेही न बघता म्हणाला, "और एक बात. आज से रेडिओ पर कोई 'खाली' नहीं बोलेगा. 'नीचे' बोलने का. और काम हो गया तो 'फ्री' बोलने का."

माना डोलल्या. हुकूम साधा होता.

"क्यों भाई?" झयानने सहज विचारलं. "खाली में क्या खराबी है?"

 समाधानने घडी केलेल्या कागदाची पुन्हा घडी केली. साहेबांनी चहाचा घोट घेऊन त्याच्याकडे पाहिलं. उत्तर साधंच असणार, अशी सगळ्यांची समजूत होती.

बाळाराम मागच्या रांगेत होता. त्याने उजवा हात वर केला, खांद्याच्या रेषेत सरळ केला आणि बोट समाधानच्या छातीवर रोखलं, ओसाकात रोखतात तसं. मग मोठ्याने, सगळ्यांना नीट कळेल अशा शुद्ध हिंदीत म्हणाला, "क्योंकि उस दिन वो नीचे था."

 झयानचा चेहरा पांढरा पडत गेला. पट्टा चालू करणारा हात त्याचा होता, आणि तो आत्ता कुठे स्वतःच्या हाताकडे बघत होता. साहेबांचा कप तोंडापाशी थांबला. "समाधान?" ते म्हणाले.

समाधानचा हात नकळत उजव्या बाहीवर गेला. बाळारामला दुसरं काही बोलायचं नव्हतं, पण बोट त्याने खाली घेतलं नाही.