सटवाईपुढचा लिफाफा

उर्मिलाबाईंचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता, आणि त्याला कारणही तसंच होतं. २००६ साली गुणवंतरावांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या छातीत कळ आली, तेव्हा केबिन रोडवरच्या तीन लॅबमध्ये मिळून अकरा तपासण्या झाल्या आणि शेवटी निघाला गॅस. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. उर्मिलाबाई त्यानंतर साधं पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागल्या.

त्यामुळे २००८ साली लेक स्वप्नाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी भाईंदरला आली, सुखरूप मोकळी झाली, मुलगा झाला, तरी यात कुठेतरी पाणी मुरत असणार असंच बाईंना वाटत होतं. तिसऱ्या दिवशी ते सापडलं. त्या प्रसूतिगृहातून डबा आणायला घरी गेल्या होत्या, तेवढ्यात सिस्टरने बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे चार थेंब एका जाड कागदावर टिपून नेले. सिस्टर ममताने समजावून सांगितलं. काही आजार जन्मापासून अंगात असतात, बाहेरून दिसत नाहीत, रक्तात कळतात. वेळेत कळले तर साध्या गोळीने भागतं, नाहीतर मूल कायमचं मतिमंद होऊ शकतं. हजारोंत एखाद्यालाच निघतात, काळजी नको.

हजारोंत एखाद्याला, मग आमच्या नातवाचं रक्त कशाला, असं बाईंनी विचारलं. सगळ्यांचंच घेतो, असं उत्तर आलं. सगळ्यांचंच घेतात म्हणजे धंदाच की, असं म्हणून बाईंनी तो विषय मनात मिटवून टाकला.

पाचव्या दिवशी, बाळ-बाळंतीण घरी आल्यावर, भाईंदरमधल्या गोडदेवच्या घरी फोन वाजला. स्वप्नाली झोपली होती. प्रसूतिगृहातून कोणी बोलत होतं. बाळाच्या रिपोर्टमध्ये एक आकडा वाढलाय, पुन्हा रक्त द्यायला लगेच घेऊन या. बाईंच्या डोळ्यांसमोर त्या अकरा तपासण्या उभ्या राहिल्या. पहिलीतून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी. बाळाला त्याच्या वडिलांच्या गावी रत्नागिरीला नेलंय, असं त्यांनी ठोकून दिलं आणि फोन ठेवला. पाच दिवसांचं बाळ कोणी रत्नागिरीला नेत नाही, पण थाप मारताना एवढा हिशेब कोण करतो?

सहाव्या दिवशी कुरियरवाला प्रसूतिगृहाचं नाव छापलेला एक पांढरा लिफाफा देऊन गेला. त्याच संध्याकाळी सटवाईची पूजा होती. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवायचं, आणि पूजा झाली की तो कागद पाळण्यातल्या गादीखाली सरकवायचा, अशी त्यांच्या घरची रीत. तिने लिहिलेलं कोणी वाचायचं नसतं. कोरा कागद शोधता शोधता बाईंच्या हाती लिफाफा आला आणि त्यांना युक्ती सुचली. ओल्या बाळंतिणीच्या नजरेला हे पडायला नको, आणि सटवाईच्या कागदाला कुणी हात लावत नाही. छापलेली बाजू खाली गेली, कोऱ्या बाजूवर हळदकुंकू पडलं. आपल्या हुशारीवर बाई बेहद्द खूश झाल्या.

बाराव्या दिवशी बारसं झालं, बाळाचं नाव साईराज ठेवलं. बाळ फार गुणी. भुकेनेही रडत नसे, पाजायला उठवावं लागे, पाजता पाजता पुन्हा झोपे. बाई शेजारणींना कौतुकाने सांगत. फोन आणखी दोनदा आला. बाळ अजून रत्नागिरीलाच होतं.

मालीश करायला गोदूबाई यायची. मूळची गोडदेव गावातली, हाताखालून शेकडो बाळं गेलेली. सतराव्या दिवशी तिने साईराजला पायांवर घेतलं, अंगावर पाणी ओतलं आणि मधेच थांबली.

"उर्मिलाताई, पोर गुनी न्हाय, पोर गप हाय," ती म्हणाली. "गुनी पोर आंघोळीला तरी रडतं. याचं आंग बगा, गार लागतंय. माझ्या मनाला बरा वाटत न्हाय."

बाईंना तिचाच संशय आला. गोदूबाईची नजर वाईट आहे, असं ठरवून त्यांनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि दुसरी मालीशवाली शोधायला घेतली. पण दुपारी, कोणी बघत नसताना, त्यांनी बाळाच्या पायांना हात लावून पाहिला. पाय गार होते. त्यांनी मोजे चढवले आणि तो हात पदराला पुसला.

एकोणिसाव्या दिवशी बेल वाजली. दारात सिस्टर ममता उभी होती.

"आलं का बाळ रत्नागिरीहून?" तिने विचारलं. "म्हटलं, ड्युटी संपली की स्वतःच बघून येते. पत्ता फॉर्मवर होताच."

"रत्नागिरीला कोण गेलं होतं?" स्वप्नालीने विचारलं.

बाईंच्या तोंडाशी पुढची थाप तयार होती. फोन भलत्याच घरी लागला असेल, एवढं म्हटलं की भागलं असतं. पण त्यांची नजर पाळण्याकडे गेली. बेल वाजली, बायका मोठ्याने बोलल्या, आणि बाळाने पापणीसुद्धा हलवली नव्हती. नर्सचा, लॅबचा, गोदूबाईचा, सगळ्या जगाचा त्यांनी संशय घेतला होता, फक्त या शांततेचा घेतला नव्हता.

"मीच सांगितलं," त्या म्हणाल्या. "तीनदा."

"आणि रिपोर्ट? कुरियरने पाठवला होता."

बाईंनी गादीखाली हात घातला. लिफाफ्यावर सटवाईचं कुंकू वाळलं होतं. तो स्वप्नालीने फोडला. तेरा दिवस बाळ त्याच्यावरच झोपलं होतं.

त्याच संध्याकाळी पुन्हा रक्त घेतलं आणि डॉक्टरांनी निकालाची वाट न बघता गोळी सुरू केली. बाळाची थायरॉईडची ग्रंथी काम करत नव्हती. मेंदू वाढायला जे लागतं, ते अंगात तयारच होत नव्हतं. उशीर झालाय का, असं स्वप्नालीने विचारलं. फार नाही, डॉक्टर म्हणाले, पण पाचव्या दिवशी आला असतात तर काही होणार नाही असं मी छातीठोकपणे सांगितलं असतं. आता मूल चालायला, बोलायला लागेल तसं कळेल.

महिन्याभरात साईराज भुकेने रडायला लागला, चांगला घर डोक्यावर घेऊन. गोदूबाई पुन्हा येऊ लागली. स्वप्नाली आईला एका शब्दानेही बोलली नाही. बाळाचं न्हाणं, धुणं, झोपवणं, सगळं तिने आईवर सोडलं.

गोळी मात्र ती रोज सकाळी स्वतः चुरडायची, आपल्या दुधात कालवून चमच्याने पाजायची. एकदा ती न्हाणीघरात असताना उर्मिलाबाईंनी, मदत म्हणून, गोळ्यांची पट्टी हातात घेतली. स्वप्नाली ओल्या केसांनी बाहेर आली, तिने पट्टी आईच्या हातातून काढून घेतली आणि उरलेल्या गोळ्या मोजून पाहिल्या.