तीन नंबरचं बटण

साडूनं नवी गाडी घेतली आणि माझी झोप उडाली, हे आधीच सांगून टाकतो. अशा वेळी लोक "आनंदच आहे की" म्हणतात. मीही म्हटलं. त्यानं आणलेल्या केकचा मोठा तुकडा खाल्ला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि घरी येऊन बायकोवर उगाच खेकसलो.

साडूकडे पैसा आहे याचं मला दुःख नाही. दुःख याचं आहे की त्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. माझं टाइल्स आणि नळांचं दुकान आहे, पण जीव सगळा गाड्यांत. कुठली नवी गाडी कधी येणार, तिच्यात काय काय असणार, कुठल्या रंगासाठी जास्त थांबावं लागणार, मला तोंडपाठ. साडू शोरूममध्ये गेला, सेल्समनला म्हणाला, "यातली लाल कुठली मिळेल?" आणि जी मिळाली ती घेऊन घरी आला. नेमकी तीच गाडी, जिच्या बातम्या मी ती कागदावर होती तेव्हापासून वाचत होतो. त्यातही सगळ्यात वरचं मॉडेल! याला म्हणतात नशीब, आणि ते नेहमी चुकीच्या माणसाचं असतं.

माझी गाडी जुनी आहे. पण कंपनीनं जे दिलं नाही ते मी बाजारातून आणून एकेक करून बसवलंय. मोठा स्क्रीन, मागचा कॅमेरा, अलॉय व्हील, दारांच्या आत निळे दिवे. नव्या गाड्यांत सीटमधूनच थंड हवा येते, म्हणून मी पंखे बसवलेलं सीट कव्हर आणलं. ते जरा घरघरतं, एवढंच. बायको म्हणते, पिठाच्या गिरणीवर बसल्यासारखं वाटतं.

बायकोचं निघालंच आहे तर सांगतो. मला आयुष्यात तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. तिनं माझ्याशी गाड्यांवर गप्पा माराव्यात. फार नाही, एखाद्या संध्याकाळी "अहो, ती नवी येतेय म्हणे, कशी आहे?" एवढं विचारावं. लग्न झाल्यापासून तिनं ते विचारलेलं नाही. मी विषय काढला की ती भाजी निवडायला घेते. भाजी निवडून झाली असेल तर निवडलेलीच पुन्हा निवडते.

म्हणून मग आमचं रविवारचं टोळकं. उस्तादांच्या दुकानापुढे आम्ही सकाळी जमतो. उस्ताद म्हणजे गाड्यांना वरचं सामान बसवून देणारे, दिवे, हॉर्न, सीट कव्हर, जे म्हणाल ते. दुकानापुढच्या फरशीवर चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागे टेप आणि गोंदाचा वास, आणि बोलायला एक दातांचे डॉक्टर आणि एक विमावाला. तिथे माझ्या शब्दाला किंमत आहे. डॉक्टरनं गाडी कुठली घ्यावी हे मी ठरवलं. विमावाल्यानं काचेवर फिल्म कुठली लावावी हेही मीच.

त्या रविवारी आमचा वाद रंगात आला होता. येऊ घातलेल्या एका गाडीत एसीची सगळी बटणं काढून ती स्क्रीनमध्ये टाकली आहेत, यावर डॉक्टर खूश होते.

"किती स्वच्छ दिसतं आतून," डॉक्टर म्हणाले.

"आणि गाडी चालवताना एसी कमी करायचा म्हणजे?" मी म्हटलं. "रस्त्यावरची नजर काढून तीनदा बोटं नाचवा. उद्या तुमच्या ड्रिलचं बटणही स्क्रीनमध्ये टाका, मग पेशंट बघा कसे पळतात."

विमावाला हसला, उस्ताद हसले, आणि तेवढ्यात साडूची लाल गाडी येऊन थांबली. साडूला पायाखालच्या मॅट हव्या होत्या. माझं वाक्य तोंडातच राहिलं. तिघेही उठून गाडीभोवती गोळा झाले. माझ्या गाडीचा बॉनेट उस्तादांनी नवा हॉर्न बसवायला उघडला होता, तो तसाच आ वासून राहिला.

"अहो, ही तुमच्या साडूंची?" डॉक्टर मला म्हणाले. "कधी बोलला नाहीत!"

नाही बोललो. नाकाला मिरच्या झोंबल्यावर माणूस बोलतो का?

साडू मनानं सरळ आहे, तोच तर त्रास आहे. म्हणाला, "तुम्हीच दाखवा बुवा यांना. मला यातली निम्मी बटणं कशाची आहेत तेही माहीत नाही." मग काय, गाडी साडूची आणि कौतुक माझ्याच तोंडून. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो आणि छतापासून सुरुवात केली. छत उघडून दाखवलं, मिटून दाखवलं. सीटची थंड हवा सुरू केली. आवाज नाही हो! नुसता गारवा. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड होत होता.

दाराच्या आतल्या बाजूला तीन बटणं होती, एक, दोन, तीन. मी समजावलं, "ही सीट लक्षात ठेवते. प्रत्येकानं आपल्याला हवी तशी सीट लावायची, आरसे लावायचे, एसी लावायचा आणि आपला नंबर पक्का करायचा. दुसऱ्या दिवशी नंबर दाबला की सगळं आपल्याआप."

"एक माझा," साडू बाहेरून म्हणाला. "दोन हिचा."

"आणि तीन?"

"तीनचं राहू द्या," साडू पटकन म्हणाला.

राहू द्या म्हटल्यावर मी राहू देणारा असतो तर काय पाहिजे होतं. मी तीन दाबलं.

सीट पुढे सरकायला लागली. सरकतच राहिली. माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले, पोट स्टिअरिंगला लागलं. मग ती वर चढायला लागली, इतकी की डोकं छताला भिडलं. पाठ ताठ झाली, शाळेच्या बाकासारखी. बाहेरचे आरसे खाली वळले. एसीची तोंडावरची हवा बंद झाली आणि फक्त पायांकडे मंद सुरू झाली.

"इथे काय शाळकरी पोर बसतं का हो?" डॉक्टर म्हणाले आणि सगळे हसले.

मी नाही हसलो. मेव्हणी, म्हणजे बायकोची थोरली बहीण, चांगली उंच आहे, साडूच्या कानाला लागते. त्यांचा मुलगा तर तिच्याहून उंच. इतकं पुढे, इतकं वर, पाठ दुखते म्हणून इतकं ताठ बसणारं आणि तोंडावर हवा आली की शिंकणारं माणूस मला एकच माहीत होतं. ते माझ्या घरात राहतं.

खोटं कशाला बोलू, क्षणभर डोक्यात नको ते आलं. मग साडूकडे पाहिलं. एका हातानं पोट सावरत तो दोन मॅटमधली कुठली धुवायला सोपी, हे उस्तादांना विचारत होता. ते खूळ तिथेच गेलं. पण त्याच्या जागी जे आलं ते जास्त झोंबलं. ही ड्रायव्हरची सीट होती. म्हणजे बायको गाडी चालवत होती. आठवड्यातून दोनदा ती संध्याकाळी ताईकडे व्यायामाला जायची. मी वर कौतुकानं म्हणायचो की हल्ली तुझी तब्येत सुधारलीय!

साडूनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि चटकन नजर मॅटकडे वळवली. त्यालाही माहीत होतं. जगाला माहीत होतं. ज्याला गाडीतलं सगळं माहीत आहे, त्याला तेवढं एक माहीत नव्हतं.

घरी गेल्यावर मी ठरवलं, विचारायचं नाही, तिनंच सांगायचं. जेवताना सहज म्हटलं, "साडूंची गाडी नीट पाहिलीस का गं?"

"पाहिली की."

"कशी वाटली?"

"लाल आहे," ती म्हणाली आणि मला आमटी वाढली.

लाल आहे! तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मी तिचे हात बघत होतो. हे हात साडूच्या स्टिअरिंगवर असतात, आणि माझ्या गाडीचं दार लावताना ते नेहमी इतकं हळू लावतात की मला ते पुन्हा उघडून लावावं लागतं. मला त्या गाडीचा हेवा वाटत होताच. आता त्या सीटचा वाटायला लागला, मेव्हणीचा वाटायला लागला. बाजूच्या सीटवर बसून तिला "आता वळव" म्हणणाऱ्या बाईचा हेवा वाटणं म्हणजे काय पातळी झाली ते तुम्हीच बघा.

पुढच्या रविवारी आम्ही साडूकडे जेवायला गेलो. दोघी बहिणी स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या, मी दिसलो की मिठाबद्दल बोलायच्या. मी साडूला म्हटलं, "किल्ली द्या जरा. आरशाचं एक सेटिंग बघायचंय." साडूनं किल्ली दिली. त्याला वाटलं असेल, बिचाऱ्याची हौस.

खाली पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. मी गाडीत बसलो, तीन दाबलं आणि पुन्हा एकदा सीटनं पुढे-वर-ताठ होऊन मला स्टिअरिंगवर चेपलं. तसाच थोडा वेळ बसलो. तिला समोरचं कसं दिसत असेल ते मला दिसलं, बॉनेट आणि त्याच्यापुढची मोकळी जागा. मग मी सीट पार मागे नेली, खाली घेतली, पाठ आरामात कलती केली. आरसे माझ्या डोळ्यांना लावले. हवा पूर्ण जोरात, थेट तोंडावर. आणि सेटचं बटण दाबून तीन दाबलं. गाडीनं एक छोटा आवाज करून कबूल केलं. तीन नंबर माझा झाला.

हे सांगताना लाज वाटावी, पण तेव्हा नाही वाटली. कुणाच्या दारावरची पाटी काढून आपली लावावी तसं वाटलं. वर जाऊन मी दोन घास जास्त जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून लवकर घरी आलो. बायको नेहमीपेक्षा उशिरा आली. पर्स टेबलावर ठेवली, पाणी प्यायली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"मी आज लायसन्सची परीक्षा दिली," ती म्हणाली. "ताईच्या गाडीवर."

मी तोंडावर आश्चर्य आणायचा प्रयत्न केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "शेजारी परीक्षक बसलेला, मी आपली सवयीनं तीन दाबलं. सीट निघाली मागे. पाय ब्रेकवरून सुटले, वर बघितलं तर छत. आणि तोंडावर अशी हवा, की शिंकांवर शिंका. परीक्षक म्हणाला, बाई, गाडी तुमचीच ना? खिडकीबाहेर ताई उभी होती, ती पांढरीफटक. म्हणाली, अगं बिघडली की काय! मी म्हटलं, बिघडली नाही. आमचे हे बसून गेलेत."

परीक्षा होती हे मला कुठे माहीत होतं? पण माहीत नव्हतं म्हणून काही मी चांगलं काम केलं होतं असं नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. नाक पुसलं, बटणं दाबून सीट पुढे घेतली, आरसे लावले, गेले. पास झाले."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या बायकोशी कसं भांडायचं ते मला येतं. ती तर हसत होती, आणि ते हसू माझ्यावर नव्हतंच. रस्त्यावर कुठेतरी तिला सापडलेलं होतं, तेच अजून चेहऱ्यावर होतं. ते बघून माझा तोल गेला.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलो. "घरात गाडीतला एवढा जाणकार माणूस बसलाय! साऱ्या गावाला मी सांगतो, आणि माझी बायको चोरून ताईकडे शिकते? एकदा सांगायचं होतंस!"

तिनं थोडा विचार केला. खरंच विचार केला, माझ्याकडे बघत.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्ही शिकवलं असतं."

आणि उठून आत गेली. मी टेबलाशी बसून राहिलो. मनात दहा उत्तरं आली. प्रत्येक उत्तर लांबलचक होतं, आणि प्रत्येकात पहिल्यांदा इंजिन येत होतं.

थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला. फोनवर ताई होती, दुसरं कोण. मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि खोलीच्या दारापर्यंत गेलो. बायको पलंगावर पाय वर घेऊन बसली होती, दाराकडे पाठ.

"नाही गं, तुझ्या गाडीएवढी मोठी नको मला," ती म्हणत होती. "ती छोटी येतेय ना नवी, तसली. मी वाचलं तिच्याबद्दल. सीट वरखाली होते, गिअरची भानगड नाही, आणि गल्लीत आपल्याआप वळून पार्क होते म्हणे. हो हो, खरंच! मला ती निळ्यात आवडली. नाहीतर तो एक राखाडी आहे, तो पण बरा वाटतो. तुला कुठला वाटतो?"

ऐकून ती खळखळून हसली. माझ्याशी बोलताना ती अशी हसल्याचं मला आठवेना. पोटात दुखत होतं, सरळ सांगतो, साडूची गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हापेक्षा जास्त दुखत होतं. लग्न झाल्यापासून मी ज्या गप्पांची वाट बघत होतो, त्या माझ्याच घरात चालल्या होत्या. फक्त त्या फोनच्या पलीकडे होत्या.

"मार्चमध्ये येतेय," बायको म्हणाली. "पक्कं. मार्चमध्येच."

मार्चमध्ये येणार नव्हती. कंपनीनं तारीख पुढे ढकलली होती, जूनच्या आधी ती दिसणार नव्हती. आणि गल्लीत आपल्याआप पार्क होण्याची सोय खालच्या मॉडेलमध्ये नव्हतीच. मी तोंड उघडलं.

मग मिटलं. ताईनं पलीकडून काहीतरी विचारलं, बायको पुन्हा रंगांवर आली, आणि मी दारातच उभा राहून ऐकत राहिलो.