विळीवर बसलेली बाई

मित्रांनो, मी काळ्या दगडात घडवलेली एक जुनी बाई आहे. नाशिकमधल्या एका चौकात बसून असते. युद्धाचे स्मारक म्हटले की तुम्ही बंदूक शोधाल, आणि माझ्या हाती कांदा पाहून हसाल, अशी मला नेहमी धास्ती वाटते.

एकाहत्तरच्या लढाईत इथल्या चाळीस बायकांनी जवानांसाठी कांदा चिरून वाळवला. त्यांची आठवण म्हणून निवृत्ती पाथरवटाने तीन वर्षांनी मला घडवले. त्या बायकांपैकी सुलाबाईला समोर विळीवर बसवून तो छिन्नी चालवी. माझ्या गालावर त्याने पाण्याचा थेंब कोरला, तेव्हा ती म्हणाली, "निवृत्तीदादा, कांदा मोठा कर की! एवढ्याशा कांद्याला कुठं पाणी येतं?"

सुरुवातीला माझ्या गळ्यात हार पडत. पुढे ते बंद झाले. मांडवाच्या दोऱ्या माझ्या मानेला बांधू लागले. त्र्याऐंशी साली एक ट्रक मागे येताना विळीचे पाते, कांदा आणि माझी बोटे तुटली. उरला खालचा पाट आणि गालावरचा थेंब. "बिचारी!" म्हणत लोक पुढे जात.

बऱ्याच वर्षांनी एके सकाळी महापालिकेचे साहेब माझी डागडुजी करायला आले. सोबत खलील गवंडी सिमेंट कालवत होता. तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन सुलाबाई आली.

"काय चाललंय रे?"

"मावशी, नमस्कारासारखे हात जोडून देतो हिचे," खलील म्हणाला. "जवानाची विधवा आहे ना."

"विधवा? माझा धनी घरी चहा पितोय!"

सगळे हसले. ती हसली नाही.

"कांदा चिरतीय ती. आमच्या हमीदाचं बोट गेलं त्या कामात. हात जोडले, तर आम्ही काय केलं ते कोणाला कळंल?"

"आजी, कागदावर तसं काही नाही," साहेब म्हणाले.

सुलाबाईने पिशवी खाली ठेवली. कण्हत, गुडघ्यावर हात टेकत ती माझ्याशेजारी रस्त्यावरच बसली. तोच मुडपलेला पाय, तीच कललेली मान. साहेब एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिले.

खलीलने थापी धुऊन टाकली.

निवृत्तीने विळीचे पाते, कांदा आणि माझी बोटे पुन्हा घडवली. नव्या दगडाचा रंग माझ्याशी जुळत नाही, पण पाते धारदार दिसते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, दोऱ्या सोडवा. पण मला पाहून लगेच हळहळू नका. आधी विचारा, "बाई, तुम्ही काय काम करत होता?"