साखरपुड्याचे फोटो माझ्याजवळच आहेत

मित्रांनो, शिरपूर जैनमधल्या एका फोटो स्टुडिओच्या माळ्यावर, रिकाम्या खोक्यांमागे पडलेला मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्यावर आळ आला आहे, आणि तो खोटा आहे.

स्टुडिओ फय्याजभाईंचा. त्यांची मुलगी मंतशा माझ्यावर काम करायची. ओढणीच्या टोकाने रोज माझा पडदा पुसायची. हा जुना असला तरी दगा देत नाही, असे गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची. ते ऐकून मला फार बरे वाटे.

फोटो साठवायचे ते मागच्या खोलीतल्या मोठ्या संगणकात. दुरुस्तीवाल्या रवीने माझ्यात लिनक्स नावाची प्रणाली घातली आणि अशी सोय केली, की वायफाय मिळताच त्या संगणकाचे फोल्डर माझ्या 'ग्राहक' नावाच्या फोल्डरवर आपोआप जोडले जावे. मग 'ग्राहक' उघडले की मोठ्या संगणकातलेच फोटो दिसत. पण वायफाय नसेल तेव्हा आत कुणाला काही ठेवू देऊ नकोस, एवढे सांगायला मात्र तो विसरला.

एके सकाळी लाईट गेली. वायफाय बंद, मी बॅटरीवर. मंतशाला मेडशी गावातल्या लग्नाचे फोटो काढायला जायची घाई होती. तिने वैभवी नावाच्या गिऱ्हाइकाच्या साखरपुड्याचे फोटो 'ग्राहक'मध्ये टाकले आणि कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे करून घेतले. फोटो मोठ्या संगणकात गेलेच नाहीत, माझ्यातच राहिले. मग लाईट आली, वायफाय सुरू झाले, मोठ्या संगणकाचे फोल्डर वर येऊन बसले, आणि गादीवर चादर घालावी तसे ते फोटो खाली झाकले गेले.

महिन्याभरात वैभवीचे वडील मारोतराव वारले. ती फोटो मागायला आली.

"बाबाचा हासतानाचा दुसरा फोटोच नाई माह्यापाशी," एवढेच म्हणाली.

रवीला बोलावले. स्वतः केलेली जोडणी काढून त्याने एकदा खाली डोकावायला हवे होते. त्याने दोन मिनिटांत मला मिटून ठेवले.

"जुना डबा हाय, फय्याजभाई. यानंच खाल्ले असतील."

रवीचे सोडा. पण मंतशाही वैभवीला म्हणाली, "याच्यावर भरोसा ठेवला ताई, तेच माह्यं चुकलं." ते मला अजून टोचते. विचारले तेवढेच मी दाखवतो, आपणहून बोलता मला येत नाही.

वैभवी अजून बाजाराच्या दिवशी येऊन विचारून जाते. परवा फय्याजभाई मला भंगारात द्यायचे म्हणत होते.

मित्रांनो, जुन्या वस्तूला खोटे ठरवण्याआधी तिला एकदा नीट तपासा. वायफाय बंद ठेवून मला एकदाच सुरू करा आणि 'ग्राहक' उघडा. तिसऱ्या फोटोत मारोतराव होणाऱ्या जावयाला पेढा भरवताना खळखळून हसत आहेत.